उद्यानाच्या फाटकावरील फलकासंबंधी एका नवशिक्या सायकलस्वाराचे खुले पत्र

प्रति,
आमच्या भागातील उद्यानाची व्यवस्था पाहणारे अधिकारी,
तसेच तेथे रोज सकाळी चालावयास येणारे ज्येष्ठ नागरिक व रहिवासी,
नेरुळ, नवी मुंबई

दिनांक : ११ जानेवारी २०२६

विषय : उद्यानातील सायकलबंदी आणि हिवाळ्यातील शनिवार-रविवारच्या दोन तासांबद्दल विनंती

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या उद्यानाच्या फाटकावर ‘उद्यानात सायकल चालविण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक लागला. तो का लागला हे सकाळच्या वेळी तेथे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या सायकलमुळे तो लागला ती सायकल माझी होती आणि ती चालवत मीच होते. तेव्हा या पत्राकडे तक्रार म्हणून पाहू नये. त्यात कबुली आधी आहे आणि विनंती नंतर आहे, आणि कबुलीत काही खोट राहिली तर विनंती वाचण्याचे कारण उरत नाही, हे मी जाणून आहे.

माझे वय सेहेचाळीस. वाशीतील एका कार्यालयात मी हिशेबाचे काम करते. लहानपणी गावी तासाच्या भाड्याने मिळणारी मोठ्यांची सायकल दांडीखालून पाय घालून चालवली होती, त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे सायकलला हात लावला नाही. गुडघे कुरकुरू लागल्यावर डॉक्टरांनी पळणे बंद करून सायकल चालवा असे सुचवले आणि दिवाळीच्या सुमारास मी एक रोड बाईक घेतली. ज्यांनी ती जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते : बोटभर रुंदीचे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल आणि उंच, अरुंद बैठक. तिला स्टँड नसतो, कॅरिअर नसते, मडगार्ड नसते आणि दुकानातून बाहेर पडताना बहुधा घंटीही नसते. दुकानदाराने मला घंटी लावू का, असे आवर्जून विचारले होते. पण सोबत आलेल्या भाच्याने ‘मावशी, रोड बाईकला घंटी नसते गं’ असे सांगितले आणि मी गप्प बसले. या गप्प बसण्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

घटना घडली ती २१ डिसेंबरच्या रविवारी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी. त्या दिवशी आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवला आणि मी पावणेसातला उद्यानात फेऱ्या मारत होते, म्हणजे उजेड नुसता फुटू लागला होता. रात्रीच्या दिव्यांपैकी निम्मे कोणीतरी वेळेआधी बंद केले होते. झाडांना पाणी देणारे फवारे तासाभरापूर्वी चालू होऊन गेल्यामुळे खेळण्यांच्या कोपऱ्यावरील वाट ओली होती. त्या कोपऱ्यावर देशी बदामाचे मोठे झाड आहे; थंडी पडली की त्याची पाने लाल होऊन गळू लागतात. तळहाताहून मोठे, चामड्यासारखे जाड, वरून गुळगुळीत असे ते पान ओल्या पेव्हर ब्लॉकवर चिकटून पडले की त्याच्या खाली पाणी धरून राहते. चप्पल घालून चालणाऱ्याला ते जाणवतही नाही. बोटभर रुंदीच्या टायरला मात्र ते साबणाच्या वडीसारखे असते.

वळणापलीकडे एक काकू तगरीची फुले तोडत उभ्या होत्या. अंगावर शाल, डोक्याला लोकरी स्कार्फ आणि कान पूर्ण झाकलेले. (सतरा अंशांना आपण नवी मुंबईकर महाबळेश्वरला निघाल्यासारखे कपडे बाहेर काढतो, आणि त्यात मीही आहे, त्या दिवशी माझ्याही कानांवर पट्टी होती.) त्यांच्या हातातली परडी भरली होती, त्या मागे न पाहता दोन पावले वाटेवर आल्या आणि त्याच क्षणी मला दिसल्या. घंटी नव्हतीच. ओरडले तर आवाज घशातच राहिला. आणि ब्रेक दाबायचा तर हात ब्रेकवर नव्हते.

हे शेवटचे वाक्य नीट समजावून सांगणे मला भाग आहे, कारण सगळे त्यातच आहे. या हँडलवर हात ठेवण्याच्या तीन जागा असतात : मधला आडवा सपाट भाग, त्याच्या दोन्ही टोकांना पुढे आलेल्या रबरी मुठी आणि खाली वळलेली शिंगे. ब्रेक हाताशी येतो तो मुठींवरून किंवा शिंगांवरून. आडव्या भागावर हात असले की पाठ ताठ राहते, समोरचे नीट दिसते आणि जुन्या सायकलवर बसल्यासारखे वाटते, म्हणून नवशिक्याचे हात आपोआप तेथे जातात. आणि नेमक्या तेथूनच बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत. मी हात पुढे नेईपर्यंत अर्धे अंतर संपले होते. मग घाबरून दोन्ही ब्रेक करकचून दाबले, पुढचे चाक अडकले, त्याच्याखाली ते लाल पान आले आणि सायकल माझ्यासकट डावीकडे आडवी झाली. हँडलचे टोक काकूंच्या गुडघ्याला लागले. त्या वाटेच्या कडेच्या दगडावर बसल्या आणि परडीतली फुले ओल्या वाटेवर पसरली.

माझे कोपर सोलवटले, त्याचे काही नाही. काकूंना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो, एक्स-रे काढला, हाड शाबूत होते, पण सूज उतरायला आठ-दहा दिवस लागले. त्यांचा मुलगा दवाखान्यात आला तेव्हा माझ्यावर चिडला आणि ते योग्यच होते. काकू मात्र त्या सगळ्या गडबडीत एकच वाक्य बोलल्या : ‘अगं, घंटी तरी लावायचीस.’ मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितले की, गुडघा बरा आहे, पण मागून चाकाचा आवाज आला की अजून छातीत धस्स होते. गेल्या तीन आठवड्यांत मी जे काही वाचले, मोजले आणि विचारले, ते सगळे या वाक्यापुढे थिटे आहे, हे कबूल करूनच पुढचे लिहिते.

मी हिशेबाच्या कामातली असल्याने घरी येऊन आकडे मांडले. माझ्या सायकलच्या मीटरवर त्या वेळी ताशी बावीस किलोमीटर वेग होता. म्हणजे सेकंदाला सहा मीटरहून थोडे अधिक. समोरचा माणूस दिसून ब्रेक लागेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो, म्हणजे सहा मीटर तेथेच गेले. कोरड्या जमिनीवर बेताने ब्रेक दाबले तर त्यापुढे आणखी साधारण पाच मीटर लागतात. एकूण अकरा. ओल्या जमिनीवर आणखी जास्त, कारण माझ्या सायकलचे ब्रेक चाकाच्या कडेला चिमटा घेणारे आहेत आणि कडा ओली असली की आधी पाणी पुसले जाते, मग पकड बसते. आता हाच हिशेब ताशी पंधराचा केला तर दिसण्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर साडेसहा मीटरच्या आसपास येते आणि ताशी बाराचा केला तर पाच मीटरच्या आत. मी त्या वळणावर जाऊन पावलांनी मोजले : वळण संपताना काकू जेथे उभ्या होत्या ती जागा नऊ मीटरवर आहे. म्हणजे माझा वेग पंधरा असता आणि हात मुठींवर असते, तर मी त्यांच्यापासून तीन पावलांवर थांबून ‘काकू, बाजूला होता का जरा’ असे म्हणाले असते. उजेड, कोरडी वाट, झाडलेली पाने आणि घंटी यांपैकी दोन गोष्टी जरी त्या दिवशी असत्या, तरी त्या दगडावर कोणाला बसावे लागले नसते असे मला वाटते.

फलक लावणाऱ्यांची अडचण मला समजते. एखादी इजा झाल्यावर काहीच न करणे त्यांना शक्य नव्हते आणि फ्लेक्स ही एका दिवसात होणारी गोष्ट आहे. परंतु त्या फलकाने आज काय केले आहे तेही पाहावे. मागच्या रविवारी सुरक्षारक्षकाने पाच-सहा वर्षांच्या एका मुलीची, मागे दोन छोटी चाके लावलेली गुलाबी सायकल फाटकाबाहेर ठेवायला लावली. रक्षक आपले काम करत होता; फलकावर ‘सायकल’ असे लिहिले आहे, कोणती ते लिहिलेले नाही. ती मुलगी फाटकाच्या जाळीला धरून उभी होती आणि मी खाली मान घालून तिच्या शेजारून आत गेले.

मोठ्या माणसाला सायकल शिकायला उद्यान कशाला हवे, रस्ते पडले आहेत, असे दोघा-तिघांनी मला तोंडावर सांगितले. त्यांना काहीही वाटो, सायकल चालवता येणे आणि रस्त्यावर सायकल चालवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोल सांभाळणे मला येत होतेच. मला येत नव्हते ते असे : मागून गाडी येते आहे का हे पाहण्यासाठी उजवीकडे मान वळवली की खांदा वळतो, खांद्यामागे हँडल वळते आणि सायकल आपसूक उजवीकडे, म्हणजे ज्या गाडीला चुकवायचे तिच्याच वाटेत जाते. मान वळवूनही सायकल सरळ रेषेत ठेवणे हे मला पेव्हर ब्लॉकच्या एका पिवळ्या पट्टीवरून शेकडो वेळा जाऊन जमले, आणि अजूनही पाचात एकदा पट्टी सुटते. एक हात सोडून वळण्याचा इशारा करणे, थांबण्याआधी गियर हलका करून ठेवणे, पुढच्या ब्रेकवर जास्त भार असतो हे ओळखून तो हळूहळू दाबणे, बैठकीवरून पुढे उतरून एक पाय टेकणे, या प्रत्येक गोष्टीला दोन-चार दिवस लागतात आणि त्या दिवसांत सगळे लक्ष स्वतःच्या हातापायांकडे असते. ज्याचे लक्ष स्वतःच्या हातापायांकडे आहे त्याने बसच्या पुढे असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग आमच्यासारख्यांनी जायचे कोठे? सोसायटीच्या तळमजल्यावर खांब आणि उभ्या गाड्या आहेत. सेवा रस्त्याच्या एका बाजूला शाळेच्या बसगाड्या उभ्या असतात आणि दुसऱ्या बाजूने उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी. राहिला पाम बीच मार्ग. वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने जाणारा हा सहा मार्गिकांचा रस्ता मुंबई परिसरातल्या सायकलस्वारांचा आवडता आहे आणि हिवाळ्यात खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असताना तो सुंदर दिसतो यात शंका नाही. पण रिकाम्या पहाटे त्यावरून मोटारी ज्या वेगाने जातात तो वेग आपण सारे जाणतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे सहाच्या आधी, याच मार्गावर, आपल्या नेरुळमध्ये, इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी यांना एका टॅक्सीने मागून धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते अडुसष्ट वर्षांचे होते, नियमित सायकल चालवणारे होते आणि त्या वेळी सोबत्यांबरोबर होते. जेथे अनुभवी माणूस सुरक्षित राहिला नाही, तेथे मान वळवली की रेषा सोडणाऱ्या माझ्यासारखीला पाठवणे मला तरी धाडसाचे वाटत नाही, अविचाराचे वाटते.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने माझ्या ध्यानात आली. मोटार शिकणाऱ्याला शिकाऊ परवाना लागतो, गाडीवर लाल अक्षरात ‘एल’ लावावा लागतो, शेजारी जाणता माणूस बसावा लागतो आणि परीक्षा द्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल हे मोटार वाहन धरलेले नाही, त्यामुळे तिला परवाना नाही, परीक्षा नाही आणि साहजिकच शिकण्याची ठरलेली जागाही नाही. परवाना नसावा हे चांगलेच आहे. पोट भरण्यासाठी सायकल हाकणाऱ्या दूधवाल्याच्या आणि पाववाल्याच्या मागे आणखी एक कागद लागावा असे कोणी म्हणणार नाही. पण रस्त्यावरचे सगळ्यांत नाजूक वाहन चालवणाऱ्याने शिकावे कोठे, हा प्रश्न त्यामुळे कोणाच्याच टेबलावर येत नाही. तो मी आपल्या टेबलावर ठेवते आहे, कारण आपल्याकडे वाट आहे.

ती वाट मी मोजली आहे. माझ्या चाकाचा घेर दोन मीटर तेरा सेंटिमीटर आहे. टायरच्या व्हॉल्व्हला लाल दोरा बांधून मी सायकल हाताने ढकलत बाहेरच्या वाटेने एक फेरी घातली, तेव्हा दोरा तीनशे वेळा खाली आला. म्हणजे वाट सुमारे सहाशे चाळीस मीटर भरते. तिला मोटारींचा एकही छेद नाही. दोन वळणे सोडली तर समोरचे दूरवर दिसते. शिकण्यासाठी याहून चांगली जागा पामबीचच्या या बाजूला मला तरी दिसलेली नाही.

आता वेळेबद्दल, आणि माझी खरी विनंती येथेच आहे. आपल्या उद्यानात चालणाऱ्यांची गर्दी सहा ते साडेआठ या वेळात असते. नऊपर्यंत हास्यमंडळही पांगते. दहाला रक्षक शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढतो आणि फाटक चारपर्यंत बंद होते. उन्हाळ्यात हे बरोबर आहे, कारण एप्रिलमध्ये दहानंतर तेथे कुत्रेही फिरकत नाही. परंतु डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात साडेनऊ ते साडेअकराचे ऊन सोसण्याजोगे असते, किंबहुना हवेसे असते. म्हणून शनिवार-रविवारी, फेब्रुवारीअखेरपर्यंत, साडेनऊ ते साडेअकरा बाहेरची वाट शिकाऊ सायकलस्वारांना आणि मुलांना द्यावी. पहाटेची वेळ पूर्णपणे चालणाऱ्यांची राहावी आणि त्या वेळेपुरता फलक आहे तसाच असावा, याला माझा पाठिंबा आहे.

साडेनऊची वेळ मी केवळ चालणाऱ्यांना चुकवण्यासाठी सुचवलेली नाही. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात होऊन गेला असला तरी सकाळी उजाडण्याची वेळ अजून पुढेच सरकते आहे. संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो आणि मग कोठे दिवस तिळातिळाने वाढल्याचे सकाळी जाणवू लागते. म्हणजे पुढचे काही आठवडे नोकरदाराने पहाटे सायकल चालवायची तर अंधारातच चालवावी लागणार. दुसरे कारण हवेचे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असतो. मग बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर आणि शेकोट्यांचा धूर या झाकणाखाली आपल्या नाकाच्या उंचीवरच कोंडून राहतात. आपण ज्याला ‘छान धुके पडले आहे’ म्हणतो त्यात बरेचदा हेच असते. पहाटे औद्योगिक पट्ट्याकडून येणारा तो आंबूस वास ज्यांना येतो त्यांना हे वेगळे सांगायला नको. ऊन चढून जमीन तापली की हे झाकण सैल होते आणि हवा वर जाऊ लागते. सायकल चालवणारा बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा छातीत घेतो, तेव्हा त्याने दोन तास उशिरा यावे यात त्याचाच फायदा आहे. (चालणाऱ्यांनीही थोडे उशिरा यावे असे मला सुचवावेसे वाटते, पण वर्षानुवर्षांची सवय एका पत्राने बदलत नाही आणि त्या भानगडीत मी पडत नाही.)

हे दोन तास मिळाले तर ते कसे वापरावेत याबद्दल माझ्यासह आमच्या भागातल्या सात-आठ जणांनी काही ठरवले आहे. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचे, म्हणजे समोरासमोर येण्याचा प्रश्न राहत नाही. वेग पंधराच्या आत आणि खेळण्यांच्या कोपऱ्यावर त्याहूनही कमी. तेथे वाटेवर खडूने आडवी रेघ ओढून ठेवायची आणि रेघेपाशी हात मुठींवर आलेच पाहिजेत. एका वेळी दहाहून अधिक मोठ्या सायकली नकोत. हेल्मेट आणि घंटी नसलेल्याला आत घेऊ नये, आणि हे सांगण्याचे अप्रिय काम रक्षकावर न टाकता आमच्यातल्या दोघांनी आळीपाळीने फाटकाशी उभे राहून करावे. मुलांच्या छोट्या चाकांच्या सायकलींना मात्र यातली कोणतीही अट न लावता मधल्या गोल चौकात दिवसभर मुभा असावी. त्यांनी कोणाचे काही केलेले नाही.

आपल्याकडून लागणारे काम थोडे आहे. त्या दोन दिवशी फवारे साडेसातच्या आधी उरकावेत, म्हणजे ऊन लागून वाट वाळेल. पश्चिमेच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याच्या गटारावर दोन लोखंडी जाळ्या आहेत, त्यांच्या सळया वाटेच्या दिशेने उभ्या बसल्या आहेत. दोन सळयांमधल्या फटीत माझा टायर सहज उतरतो आणि उतरला की सायकल तेथेच थांबते, माणूस पुढे जातो. त्या जाळ्या उचलून आडव्या फिरवून बसवल्या की काम झाले, नवे काही विकत आणावे लागत नाही. लाठी टेकत चालणाऱ्यांचे आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आयांचेही त्यात भले आहे. बदामाची पाने झाडण्याचे काम आम्ही करू. सफाई कामगारांना रविवारी आधीच पुरेसे काम असते.

यावर येणारे आक्षेप मी ऐकले आहेत. आज दोन तास दिले की उद्या चार मागतील, हा त्यातला पहिला. म्हणूनच मी तारीख घालून मागते आहे; मार्च उजाडला की ऊनच आम्हाला बाहेर काढील आणि पुढच्या हिवाळ्यात द्यायचे की नाही हे या हिवाळ्यातल्या वागण्यावरून आपण ठरवावे. या दोन तासांत कोणालाही सायकलमुळे इजा झाली, तर सवलत त्याच दिवशी बंद करावी आणि आम्ही त्यावर वाद घालणार नाही. दुसरा आक्षेप असा की, उद्यान चालण्यासाठी आहे. खरे आहे, आणि एकच जागा वेळेनुसार वाटून घेण्याची आपल्याला सवयही आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते थोड्या तासांसाठी मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि मुलांना मोकळे करून दिले होते. तेथे तर मोटारींना बाजूला सरकवायचे होते. येथे बंद राहणारे फाटक फक्त दीड तास जास्त उघडे ठेवायचे आहे. त्यासाठी रक्षकाचा वेळ वाढतो, हे मात्र खरे, आणि त्याच्या जादा वेळेचे पैसे त्याला मिळाल्याशिवाय ही योजना सुरू करू नये असे मला वाटते. आमच्या मंडळींनी वर्गणी काढायची तयारी दाखवली आहे. नियमात ते बसते का, हे आपण सांगावे.

चार शब्द आमच्याच लोकांसाठी. आपल्यापैकी काही जण तीस-पस्तीसच्या वेगाने जातात, पाम बीचवर पहाटे रांगेने जातात आणि थंडी पडली की उद्यानात ‘दोन फेऱ्या पटकन’ मारायला शिरतात, घड्याळ लावून. त्यांनी कृपा करून या दोन तासांत येऊ नये. यायचेच असेल तर शिकवायला यावे. मला गियर हलका करून थांबायला एका अनोळखी दादांनी शिकवले, स्वतःच्या रविवारची फेरी सोडून, आणि दुकानात शंभरच्या दाबाने भरलेली हवा पेव्हर ब्लॉकवर इतकी नको, माझ्या वजनाला सत्तरच्या आसपास पुरे, हेही त्यांनीच सांगितले. त्या दिवसापासून माझे मनगट दुखायचे थांबले.

काकूंनी हे पत्र वाचले आहे. ‘माझे नाव घालू नकोस आणि माझ्याकडून होकार आहे असेही लिहू नकोस, मी आधी बघेन,’ असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून तसे लिहीत नाही. येत्या रविवारी, १८ तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता मी सायकल न घेता, खराटा घेऊन फाटकापाशी असेन. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे. तो बदामाचा कोपरा, त्या दोन जाळ्या आणि नऊ मीटरचे ते अंतर मी आपल्याला चालत दाखवीन. सायकल घरीच आहे. तिच्या हँडलवर आता पितळी घंटी आहे आणि भाचा काही बोललेला नाही.

आपली,
एक नवशिकी सायकलस्वार,
नेरुळ, नवी मुंबई